शीर सापडत नव्हती

१

फाईल गेली ती मंगळवारी दुपारी, एक ते सव्वाच्या दरम्यान. रेकॉर्डवाल्या काकांनी ती कपाटातून काढून झेरॉक्स मशीनशेजारी ठेवली. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते पलीकडच्या टेबलाशी गेले, आणि परत येऊन बघतात तर मशीन चालू, कागदाचा ट्रे भरलेला, पण फाईल नाही.

हॉस्पिटलात फाईल हरवणं काही नवीन नव्हतं. आठवड्याला चार हरवायच्या, तीन सापडायच्या. पण ही फाईल एका धावपटू मुलीची होती. मैदानावर तिला सगळे टिटवी म्हणत, कारण तिचे लांब पाय जमिनीला टेकतात की नाही ते कळायचं नाही. आवाज घोगरा, छाती सपाट, खांदे रुंद. ती जिंकायला लागली तशी कुजबुज सुरू झाली, आणि खेळाच्या महासंघानं तिची गुणसूत्रं तपासायला सांगितली. तीन महिन्यांपूर्वी या हॉस्पिटलात रक्त घेतलं गेलं. रिपोर्ट आला: सेहेचाळीस गुणसूत्रं, एक्स-वाय. बाईची म्हणून ओळखली जाते ती एक्स-एक्स ही जोडी नव्हे, पुरुषाची. सीलबंद पाकीट महासंघाकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी टिटवीचं नाव महिलांच्या शर्यतींतून कापलं गेलं.

तिच्या प्रशिक्षकांनी अपील केलं होतं. सुनावणी येत्या सोमवारी. तिच्यासाठी मूळ कागदांच्या प्रती काढता काढताच फाईल नाहीशी झाली.

बुधवारी सकाळी अधीक्षकांनी मेट्रनना घरून बोलावून घेतलं. मेट्रनना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पण हॉस्पिटलात काही लपवाछपवी झाली की अजूनही त्यांचीच आठवण निघायची. तेहतीस वर्षं पेशंटांची आणि डॉक्टरांची खोटी उत्तरं ऐकून त्यांचा कान तयार झाला होता.

"सरळ प्रकरण आहे," अधीक्षक म्हणाले. "रक्त घेणाऱ्या त्या तंत्रज्ञ मुलीनं नळ्या बदलल्या असणार. आता उघडं पडेल म्हणून फाईल पळवली. शुक्रवारी तिला निलंबित करतोय. तुम्ही फक्त कबुली तेवढी घ्या."

"निकाल लागलाच आहे, तर मला कशाला रिक्षाचा हेलपाटा घातलात?" मेट्रननी विचारलं.

मेट्रन उठून रेकॉर्डच्या खोलीत गेल्या.

खोली लहान होती. फाईलींचं कपाट, झेरॉक्स मशीन, काकांचं टेबल, बसायला एक बाक. कपाटाला लागूनच लाकडी खणांची एक उतरंड होती. त्या खणांत प्रत्येक तपासणीच्या काचपट्ट्या ठेवलेल्या असत, पेशी रंगवून चिकटवलेल्या. मेट्रननी टिटवीचा नंबर शोधला. दोन्ही काचपट्ट्या जागेवर होत्या.

"काका, काल या खणाला कुलूप होतं?"

"छे. कुलूप कधीच नसतं."

मेट्रन काचपट्टी उजेडात धरून उभ्या राहिल्या. ज्याला चुकीचा निकाल लपवायचा असेल त्यानं आधी या उचलल्या असत्या. त्या कुणीही पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घालू शकतो. चोर इथून दोन पावलांवर उभा होता आणि त्यानं यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे रक्तात काय निघालं हे त्याला लपवायचंच नव्हतं.

२

"फाईलमध्ये कागद किती होते?" मेट्रननी काकांना विचारलं.

काकांनी बोटांवर मोजत सांगितले. महासंघाचं पत्र, रिपोर्ट, गुणसूत्रांचा फोटो, संमतीपत्र आणि रक्त देताना पेशंटनं स्वतः भरलेला फॉर्म. पत्राची प्रत महासंघाकडे होती, रिपोर्ट आणि फोटो कॉम्प्युटरवर. संमतीपत्र आणि फॉर्म मात्र फक्त कागदावर होते.

"म्हणजे जे दोन कागद आता जगात कुठेच नाहीत, ते दोन्ही हातानं लिहिलेले," मेट्रन म्हणाल्या. "काल इथे कोण कोण होतं?"

"तिघं. मुलीचे सर बाकावर बसले होते. डॉक्टरीणबाई शिक्का मारून घ्यायला आल्या होत्या. आणि ती तंत्रज्ञ मुलगी, काचपट्ट्यांचा ट्रे ठेवायला."

सर बाहेर व्हरांड्यातच येरझाऱ्या घालत होते. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस. गळ्यातली शिट्टी काढायची राहून गेली होती.

"फाईल नसली तर महासंघाकडे मूळ पुरावा उरत नाही," मेट्रन म्हणाल्या. "फायदा तुमचाच आहे, सर."

"मला असला फायदा नको." सरांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "नुसता संशय ठेवून सुटली तर पुढच्या प्रत्येक शर्यतीत तिच्या पाठीमागे लोक खिदळतील. अकरा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे ती. मला स्वच्छ निकाल हवाय. आणि खरं सांगू? अपील करा असं ती एकदाही म्हणाली नाही. मीच तिच्या मागे लागलो. हल्ली ती माझ्याशी धड बोलत नाही."

"रक्त दिलं तेव्हा तुम्ही सोबत होतात?"

"फाटकापर्यंत. आत येऊ नका म्हणाली. बायकांचं असतं काही, मी बाहेर गाडीत बसलो."

गुणसूत्र विभागाच्या डॉक्टरीणबाई आपल्या खोलीत चष्मा पुसत बसल्या होत्या. रात्रभर झोप नसावी.

"रिपोर्ट चुकलेला नाही," त्या आधीच म्हणाल्या. "तीस पेशी मी स्वतः मोजल्या. तिसांतही एक्स-वाय."

"मग ती मुलगी नाही?"

"असं कोण म्हणालं?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा चढवला. "एक्स-एक्स म्हणजे बाई, एक्स-वाय म्हणजे पुरुष, इतकं सोपं असतं तर मला पगार कशाला दिला असता? एकच एक्स असलेल्या मुली माझ्याकडे येतात. उंची वाढत नाही, पाळी येत नाही, म्हणून आई घेऊन येते. तीन एक्स असलेल्या बायका आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणींना आयुष्यभर पत्ता लागत नाही. दोन एक्स आणि वर एक वाय असलेले पुरुष आहेत. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून येतात, तेव्हा कळतं. तशा एक्स-वाय असलेल्या बायकाही आहेत. त्यांच्या शरीरात पुरुषी संप्रेरक तयार होतं, पण पेशींपर्यंत त्याचा निरोपच पोचत नाही. त्यामुळे आईच्या पोटात असल्यापासून शरीर मुलीचं घडतं. जन्म मुलीचा, वाढ मुलीची. लग्नं होतात, संसार होतात."

"बघून ओळखता येतं?"

"रस्त्यात दिसली तर मलाही यायचं नाही. उंच असतात. त्वचा नितळ, अंगावर लव जवळजवळ नाहीच. गर्भाशय नसतं, म्हणून पाळी कधी येत नाही."

"तुम्ही या मुलीला तपासलंत?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा काढला.

"महासंघाला नुसती गुणसूत्रं हवी होती," त्या म्हणाल्या. "मी नुसती गुणसूत्रं दिली. तिथेच चुकलं माझं. नंतर तिला दोन पत्रं लिहिली, भेटायला ये म्हणून. आली नाही. अशा बायकांच्या पोटात किंवा जांघेत पुरुषासारख्या अंडग्रंथी राहून गेलेल्या असतात, मेट्रन. बहुतेकींना काही होत नाही. पण वय वाढतं तसा त्यांत वाईट गाठ धरायचा धोका असतो. जिला हे माहीतच नाही तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

३

तंत्रज्ञ मुलगी रक्त घेण्याच्या खोलीत नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. मेट्रनना पाहून तिनं हात मागे घेतले.

"मी बदलली नाही नळी," ती म्हणाली. "पेशंट खुर्चीत असतानाच मी चिठ्ठी लावते, हा माझा नेम आहे. पण शुक्रवारनंतर माझं कोण ऐकणार? नळ्या बदलणारी असं नाव एकदा पडलं की मला कुठल्याच लॅबमध्ये उभं करणार नाहीत."

"बस खाली. ती मुलगी आठवते तुला?"

"चांगलीच. उंच होती. टोपीवालं जाकीट. फार घाबरलेली, पण गोड बोलत होती. शीर सापडत नव्हती तिची. दोनदा टोचलं. शेवटी हाताच्या पाठीवरून घेतलं. उलट तीच मला म्हणाली, तुम्ही नका घाबरू."

मेट्रननी मान वर केली. "शीर सापडत नव्हती. रोज पंधरा किलोमीटर पळणाऱ्या मुलीची?"

"हो ना. मऊ हात, शीर खोल गेलेली. मला तेव्हा काही वाटलं नाही." ती थांबली. "आणि चिकटपट्टी काढताना मी म्हटलं, जरा ओढेल हं. पण एकही केस ओढला गेला नाही. हेवा वाटला होता मला."

"कोणत्या हाताचं रक्त घेतलंस?"

तिनं रजिस्टर पुढे केलं. तीन महिन्यांपूर्वीच्या पानावर नोंद होती: डावा हात, दोन वेळा. शेजारी पेशंटची सही, अक्षर हळूहळू गिरवल्यासारखं.

"ज्या हातानं लिहितात तो सोडून दुसऱ्या हाताचं घेतो आम्ही," ती म्हणाली. "मी विचारलं, तर ती म्हणाली उजव्या हातानं लिहिते."

"ओळखपत्र पाहिलंस?"

"पाहिलं. फोटो जुना होता, पण चेहरा तोच."

मेट्रन रजिस्टर काखेत मारून रेकॉर्डच्या खोलीत परतल्या. "काका, प्रती मिळण्यासाठी अर्ज लागतो ना? समक्ष सही करून?"

"लागतो की." काकांनी खणातून अर्ज काढला. कालची तारीख, टिटवीची सही.

"समक्ष म्हणजे ती काल इथे आली होती."

"आली होती. पाऊणला सही केली, सरांना म्हणाली मी पुढे जाते, तुम्ही प्रती घेऊन या."

"आणि गेली?"

"गेली असेल. मी फोनवर होतो. सर पाणी प्यायला बाहेर गेले होते बहुतेक."

"मघाशी तुम्ही तिघं म्हणालात."

"अहो, ती कशी धरायची यात? तिचीच तर फाईल."

मेट्रननी अर्ज रजिस्टरच्या सहीशेजारी ठेवला. अर्जावरची सही झरझर केलेली होती, आणि तिची निळी शाई डावीकडून उजवीकडे फराटली होती. लिहिता लिहिता हाताची कड ओल्या अक्षरांवरून सरकत गेली की असं होतं. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचं होत नाही.

४

क्लबनं टिटवीला ट्रॅकवर यायची बंदी केली होती. त्यामुळे ती मागच्या मोकळ्या मैदानाच्या कडेनं, दगड चुकवत पळायची. मेट्रन पोचल्या तेव्हा चार वाजले होते. त्या पायरीवर तिच्या बॅगेशेजारी बसून राहिल्या. सातव्या फेरीला टिटवी थांबली.

"हॉस्पिटलकडून आले आहे," मेट्रन म्हणाल्या. "फाईलची चौकशी चालू आहे. तुझा फोन नंबर लिहून दे इथे."

टिटवीनं डाव्या हातात पेन धरून नंबर लिहिला. तिच्या हातावर काळसर लव होती आणि कोपरापासून मनगटापर्यंत शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. या हाताचं रक्त मेट्रननी डोळे मिटून काढलं असतं.

"एक विचारते, राग मानू नकोस. तुला पाळी येते?"

टिटवीनं समोर बघत सांगितलं, "नाही. कधीच आली नाही."

उत्तर फार पटकन आलं. बॅगेची चेन अर्धी उघडी होती. टॉवेल, बुटांची जोडी, आणि टॉवेलखालून डोकावणारं पॅडचं फोडलेलं पाकीट. मेट्रननी ते हलकेच आत सारलं आणि चेन लावून टाकली.

टिटवीनं ते पाहिलं. तिचा श्वास पळून आल्यापेक्षा जोरात चालायला लागला.

"तीस पेशी मोजल्यात," मेट्रन सावकाश म्हणाल्या. "ते रक्त जिचं आहे तिला पाळी येणं शक्यच नाही. रिपोर्ट खरा आहे, आणि तूही खरी आहेस. म्हणजे रक्त तुझं नाही. तो फॉर्म तू भरलेला नाहीस, म्हणून तो तुला सरांच्या आणि वकिलांच्या हातात पडू द्यायचा नव्हता. जो कागद तुला सोडवणार होता तोच तू पळवलास. कोणासाठी?"

"मला पळायचंच नाहीये आता," टिटवी म्हणाली. "सोमवारी मी जाणार नाही. प्रकरण मिटलं. तुम्हाला काय त्रास आहे?"

"एका मुलीची नोकरी चालली आहे शुक्रवारी. तिनं काहीही केलेलं नाही."

टिटवीचा चेहरा क्षणभर हलला. हे तिला माहीत नव्हतं.

"त्या दिवशी त्या खुर्चीत कोण बसलं होतं?"

टिटवीनं बॅग उचलली आणि ती पळाली. मेट्रन त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी तिच्यामागे धावण्याचा विचारही केला नाही. अर्जावर घरचा पत्ता होता.

५

दार उघडलं ते तोच चेहरा असलेल्या बाईनं. टिटवीपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, तितकीच उंच, पण सगळं काही मऊ. लांब केस, नितळ गाल, गुळगुळीत हात.

"मी तिची ताई. आमच्याकडेच असते ती," ती म्हणाली. "आत या ना. हे प्रेसमधून आठला येतात."

खोलीत टिटवी भिंतीला टेकून उभी होती. "तायडे, यांना काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "मी सांगितलंय तुला."

ताई पाणी आणायला वळली. पेला घेऊन खाली वाकताना तिचा दुसरा हात नकळत उजव्या जांघेवर दाबला गेला, आणि ती तशीच जरा थांबून मग सरळ झाली. मेट्रननी पेला घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"किती दिवस दुखतंय?"

"काही नाही. असंच."

"ताईबाई, मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढलीत."

ताई खुर्चीत बसली. "पाच-सहा महिने. गाठ लागते हाताला. हर्निया असेल म्हणून सोडून दिलं." मग ती बहिणीकडे वळली. "फाईल जाळली म्हणालीस ना मला? सकाळी चादर बदलताना गादीखाली सापडली. वाचली मी सगळी."

टिटवीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तिचा दोष नाही," ताई मेट्रनना म्हणाली. "पत्र आलं तेव्हा ही आठवडाभर जेवली नाही. हिच्या ओळखीतल्या एका मुलीचं त्या तपासणीनं वाटोळं झालं होतं. सरावामुळे हिची पाळी चार-चार महिने लांबायची. हिला वाटायचं लोक म्हणतात तेच खरं असेल. मीच म्हटलं, तुझ्याऐवजी मी जाते. माझ्याकडे बघून कुणी शंका घेणार आहे का? हिचं जाकीट घातलं आणि गेले. ही तेवढा वेळ बायकांच्या संडासात बसून होती." ती हसल्यासारखं करून थांबली. "मला कधीच पाळी आली नाही. आई म्हणायची, तुझं असंच आहे, कुणाला सांगू नकोस. मूल होणार नाही हे मी यांना लग्नाआधी सांगितलं होतं. ते चालेल म्हणाले. पण हे असं काही असेल हे मला कुठे माहीत होतं? हिला वाचवायला गेले आणि माझ्याच रक्तानं हिला बुडवलं."

"कुणी बुडवलं नाही," टिटवी म्हणाली. "एक शर्यत गेली. गेली तर गेली. भाऊजींना कळलं, त्यांच्या घरच्यांना कळलं, तर तुझं काय होईल? मी तोंड उघडणार नाही. ह्यांनी पोलीस आणले तरी नाही."

"डॉक्टरांची दोन पत्रं आली होती इथे," मेट्रन म्हणाल्या. "कुठे आहेत?"

"फाडली."

"उघडून पाहिलीस?"

"नाही."

"त्यांत भेटायला बोलावलं होतं. जिचं हे रक्त आहे तिनं ताबडतोब तपासून घ्यायला हवं. पोटात किंवा जांघेत ग्रंथी असतात, त्यांत गाठ होऊ शकते, कधी वाईटही." मेट्रननी आवाज मुद्दाम सपाट ठेवला. "तुझ्या ताईला सहा महिने गाठ लागते आहे. सुनावणी होवो न होवो, शर्यत राहो न राहो. तू गप्प राहिलीस तर ती हर्निया समजून घरात बसणार."

टिटवी भिंतीवरून घसरत खाली बसली. तिनं गुडघ्यांत तोंड घातलं. मग ताईनं आतून फाईल आणली आणि मेट्रनच्या पुढ्यात ठेवली.

"उद्या सकाळी आम्ही दोघी येतो," ती म्हणाली. "पण यांना काय सांगू? हे उद्या माझ्याबरोबर येतील. गाठ म्हटलं की येणारच. कागदावर काय लिहिलंय ते विचारतील."

मेट्रननी फाईल उचलून काखेत मारली.

६

सोमवारचं आधी सांगून टाकायला हवं. गुरुवारी सकाळी टिटवीनं स्वतःचं रक्त दिलं, या वेळी डॉक्टरीणबाईंच्या समोर. पेशी वाढायला तीन दिवस लागतात. रविवारी डॉक्टरीणबाई सुट्टी असून आल्या, पन्नास पेशी मोजल्या, पन्नासांतही एक्स-एक्स. अपील समितीनं बंदी उठवली आणि दुसरी व्यक्ती पाठवून फसवणूक केल्याबद्दल वर्षभराची नवी बंदी घातली. सरांनी ती ऐकून घेतली. मग त्यांनी टिटवीला समितीसमोरच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतंत." सरांना हे नाकारता आलं नाही. पुढच्या आठवड्यापासून ते त्या मागच्या मैदानावरचे दगड वेचायला लागले.

तंत्रज्ञ मुलगी कामावर राहिली. मेट्रनच्या अहवालात तिच्याबद्दल एकच ओळ होती: रजिस्टरमधली प्रत्येक नोंद खरी. रक्त देणारीचं नाव मात्र अहवालात नव्हतं. "एक प्रौढ नातेवाईक स्त्री," एवढंच लिहिलं होतं.

"नाव?" अधीक्षकांनी विचारलं.

"चौकशी फाईलची होती. फाईल तुमच्या टेबलावर आहे," मेट्रन म्हणाल्या.

पण मेट्रनच्या मनात राहिला तो गुरुवार.

दुपारी बारापर्यंत ताईची तपासणी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सर्जनला बोलावलं. सोनोग्राफीत उजव्या जांघेत ग्रंथी दिसली आणि तिच्यावर एक कठीण गाठ. चांगली की वाईट ते काढल्यावरच कळणार होतं. आजच दाखल व्हा, असं सर्जन म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी तासभर बसून ताईला सगळं समजावलं. ताईनं एकच प्रश्न विचारला, "मग मी कोण?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुर्चीत बसायच्या आधी होतात त्याच. मी तुमच्या पेशी मोजल्यात, तुम्हाला नाही."

भाऊजी बाहेर बाकावर बसले होते. बुटका, शांत माणूस. बोटांच्या पेरांत छपाईची शाई मुरलेली. त्यांना फक्त गाठ आहे एवढं माहीत होतं.

"डॉक्टर सांगतील त्यांना," मेट्रन ताईला म्हणाल्या. "किंवा मी सांगते."

"नको. मीच सांगते."

भाऊजी आत गेले आणि दार लागलं. दाराला वरच्या अंगाला काच होती. टिटवी काचेकडे पाठ करून उभी राहिली, मेट्रन मात्र बघत होत्या. ताई बोलत होती, मांडीवरच्या रिपोर्टकडे बघत. भाऊजी ऐकत होते. एकदा त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, वाचला, परत ठेवला. ताईनं काहीतरी विचारलं. मग ते उठले.

दार उघडलं. भाऊजी बाहेर आले, टिटवीजवळून गेले, तिच्याकडे न बघता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आत ताई होती तशीच बसून होती, हात मांडीवर. टिटवी दोन पावलं त्यांच्यामागे गेली आणि थांबली. व्हरांड्याच्या टोकाशी दोन वाटा होत्या. डावीकडची फाटकाकडे जात होती. भाऊजी तिथे उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

मेट्रन त्यांच्यापर्यंत पोचल्या.

"दाखल करायचा फॉर्म कुठे मिळतो?" भाऊजींनी विचारलं. "मला इथलं काही कळत नाही."

मेट्रननी उजवीकडची खिडकी दाखवली. ते गेले. खिडकीत बसलेल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंट तुमची कोण?"

"बायको," भाऊजी म्हणाले, आणि पेन मागून घेतलं.